ओळ परत पाठवणारा

पुण्यात कशाचंही कौतुक निघालं की पाच मिनिटांत कुणीतरी 'आता पूर्वीची मजा नाही राहिली' म्हणतंच. मिसळ असो, सवाई असो, नाहीतर पर्वतीवरून दिसणारं शहर. रॉक ऐकणारे पुणेकर स्वतःला या पेठी सवयीतून सुटलेले समजतात. पण त्यांच्यासमोर एखाद्या जुन्या बँडचा नवा अल्बम लावून बघा. 'शब्द गेले रे त्याचे' हा निकाल पहिलं गाणं संपायच्या आत लागतो. पाठोपाठ निकालामागचं शास्त्रही ऐकवलं जातं: गीतकार विशीत भुकेला असतो, तिशीत श्रीमंत होतो, चाळिशीत त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही आणि पन्नाशीनंतर तो जुन्या गाण्यांच्या व्याजावर जगतो.

यातला उतार मला मान्य आहे, त्याचं सांगितलं जाणारं कारण मान्य नाही. दहा-बारा वर्षांनी बहुतेक रॉक गीतकारांचं लेखन सैल होतं, हे कान उघडे ठेवून ऐकणाऱ्याला नाकारता येणार नाही. पण त्याचं खापर वयावर फोडणं मला आळशीपणाचं वाटतं. ज्या दिवशी बँडमध्ये त्याची ओळ परत पाठवायची कुणाची छाती उरत नाही, त्या दिवशी गीतकाराचा उतार सुरू होतो. साधारण त्याच सुमारास तो चाळिशीला पोचलेला असतो, एवढंच.

चार रसिकांच्या गप्पांत मिटणारा हा वाद असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यात सुरू झाला, त्याच्या आधीपासून कोथरूड-कर्वेनगरच्या गॅरेजांत बँड वाजत होते आणि आजही तासाच्या भाड्यावर जॅमरूम घेऊन पोरं वाजवतात. या पोरांना आपण श्रोते, परीक्षक आणि आयोजक म्हणून जे ऐकवतो, त्यात गीतकाराबद्दलची ही समजूत मुरलेली आहे. शब्द म्हणजे तरुणपणी आपोआप येणारी आणि पुढे आपोआप जाणारी गोष्ट, असं एकदा मानलं की शब्दांवर काम करायला कुणाला सांगायचं कारणच उरत नाही.

आधी आपल्या कानांचा हिशेब मांडू. जो अल्बम आपण अकरावीत, कॅसेटच्या कव्हरमधल्या बारीक टायपातले शब्द डोळे ताणून वाचत ऐकला, त्याच्याशी आज फोनवर दुसरं काम करता करता ऐकलेल्या अल्बमची तुलना करणं न्यायाचं नाही. दुसरं म्हणजे तारखा. अल्बमवर वर्ष छापलेलं असतं, म्हणून आपण चढ-उताराचा आलेख काढू शकतो. देहूच्या तुकोबांच्या गाथेत, सरकारी प्रतीप्रमाणे, ४६०७ अभंग आहेत आणि त्यांचा लेखनक्रम कुणालाही ठाऊक नाही. त्यामुळे 'उत्तरकालीन तुकाराम जरा ढिला वाटतो' असं म्हणायची सोय कुणाही समीक्षकाला मिळाली नाही. एखाद्या बँडची सगळी गाणी अशी क्रम मोडून ऐकली तर आपले किती निकाल टिकतील, हा खेळ एकदा खेळून बघण्यासारखा आहे. ही सगळी वजावट करूनही उतार उरतो. तो कुठून येतो, ते पाहायचं तर एका माणसाची कारकीर्द जवळून पाहावी लागेल.

रश या कॅनडातल्या बँडचा नील पीर्ट ड्रम वाजवायचा आणि शब्द लिहायचा. गायचं काम बास वाजवणाऱ्या गेडी लीकडे. १९७४ च्या जुलैअखेर, बँडच्या पहिल्या अमेरिकी दौऱ्याच्या दोन आठवडे आधी, पीर्ट बँडमध्ये आला. बाकी दोघांना शब्द लिहायचा कंटाळा आणि हा पुस्तकात डोकं घालून बसणारा, म्हणून ते काम त्याच्या गळ्यात पडलं. गीतकार होण्याचं इतकं निरुत्साही कारण फारसं ऐकायला मिळत नाही. त्यानंतर १९७५ ते १९८७ या काळात त्याच्या शब्दांचे ११ स्टुडिओ अल्बम निघाले.

सुरुवातीचा पीर्ट हा वाचलेलं ओकणारा मुलगा आहे, असं मी बिनदिक्कत म्हणेन. १९७६ च्या '२११२' अल्बममध्ये रेकॉर्डच्या एका बाजूला सलग वीस मिनिटांची कथा आहे: देवळातल्या पुजाऱ्यांची सत्ता, एका तरुणाला सापडलेली गिटार, पुजाऱ्यांनी ती चिरडणं. कव्हरवर आयन रँड या कट्टर व्यक्तिवादी लेखिकेचं ऋण जाहीर मान्य केलेलं. पीर्ट तेव्हा तेवीस वर्षांचा होता. शब्द भरदार आहेत, पण त्यातला राग उसना आहे. आधीच्या अल्बमच्या अपयशानंतर रेकॉर्ड कंपनी छोटी गाणी मागत होती, एवढाच काय तो स्वतःचा अनुभव. याच रँडप्रेमामुळे १९७८ मध्ये एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने या बँडवर फॅसिस्ट विचारांचा शिक्का मारला. गेडी लीचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले, हे लक्षात घेतलं तर तो शिक्का किती झोंबला असेल ते कळतं.

आता १९८४ मध्ये या. 'रेड सेक्टर ए' या गाण्यात पीर्टने छावणीतल्या कैद्याचा आवाज लिहिला. मूळ हकीकत लीच्या आईची. सुटका झाली तेव्हा तिचा त्यावर विश्वासच बसला नव्हता, कारण बाहेर कुणी जिवंत उरलं असेल असं तिला वाटत नव्हतं. ती गोष्ट मुलाने बँडमधल्या मित्राला सांगितली, मित्राने ती शब्दांत मांडली आणि मुलगा ती गायला. तिथे पीर्टला तत्त्वज्ञान झाडायची मुभाच नव्हती. समोर गाणारा माणूस त्या बाईचा मुलगा होता. खोटी ओळ त्याच्या घशातून खाली उतरली नसती. आठ वर्षांत एक लेखक इतका बदलतो, तेव्हा त्याचं श्रेय नुसत्या वाढत्या वयाला देणं मला पटत नाही.

रशमधली कामाची रीत इथे महत्त्वाची आहे. पीर्ट कागदांचा गठ्ठा द्यायचा. ली त्यातून गाता येईल ते उचलायचा, कधी अख्ख्या पानातून दोनच ओळी. उरलेलं पीर्ट परत न्यायचा आणि त्या दोन ओळींभोवती पुन्हा लिहायचा. शब्द एकाचे, गळा दुसऱ्याचा, ही विभागणी पीर्टला शिक्षेसारखी वाटली असती तर तो पहिल्या पाच वर्षांत संपला असता. त्याने ती नेमानं पाळली. १९८० ते १९८४ हा त्याचा पहिला सुगीचा काळ: रेडिओ, उपनगरातली एकसारखी घरं, प्रसिद्धीचा जाच, अण्वस्त्रांची भीती. आजूबाजूला दिसणारं, गाता येईल अशा लांबीत. याच काळातलं सगळ्यात गाजलेलं गाणं, १९८१ चं 'टॉम सॉयर', त्याने पाय ड्युबॉइस या दुसऱ्या बँडसाठी लिहिणाऱ्या कवीच्या मजकुरावरून, त्याच्यासोबत लिहिलं.

१९८२ मध्ये, वयाच्या तिशीत, पीर्टने 'लूझिंग इट' लिहिलं: अंग साथ देईनासं झालेली नर्तकी आणि शब्द सुचेनासा झालेला लेखक. गाणं सुंदर आहे, पण ते एका तरुणाने बाहेरून पाहिलेलं म्हातारपण आहे. उतार म्हणजे वय, ही कल्पनाच मुळात तरुणांची. प्रत्यक्षात पीर्टचा उतार आला तेव्हा तो चव्वेचाळीस वर्षांचा, धडधाकट आणि वाजवण्याच्या ऐन भरात होता.

१९९६ चा 'टेस्ट फॉर इको' हा अल्बम शब्दांच्या बाबतीत रशचा तळ, असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. कुत्र्याच्या आयुष्याच्या हिशेबावरचं त्यातलं गाणं चाहतेही चेष्टेसाठीच काढतात, आणि इंटरनेटवरचं गाणं दोन वर्षांत शिळं झालं. कोट्या, अनुप्रास, निबंधातली वाक्यं यमकांत बसवलेली. त्यात जे शीर्षकगीत बरं आहे, ते पुन्हा ड्युबॉइससोबत लिहिलेलं. गंमत अशी की याच अल्बमच्या आधी पीर्टने ड्रम वाजवण्याच्या बाबतीत काय केलं होतं? जगभर नाव झालेलं असताना, चाळिशी उलटल्यावर, तो फ्रेडी ग्रूबर या वयोवृद्ध शिक्षकाकडे शिकायला गेला. काठी धरण्याची पद्धत बदलली, हात नव्याने घडवला. आपल्याकडे याला पुन्हा गंडा बांधणं म्हणतील. वाजवण्यासाठी त्याने गुरू शोधला. लिहिण्यासाठी शोधला नाही. एकाच अल्बममध्ये एका माणसाचे हात तरुण झाले आणि लेखणी सुस्त.

इथे माझ्या म्हणण्यावर आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. गेडी ली १९९६ मध्येही होताच की. ओळी परत करण्याची रीतही होती. मग? माझं उत्तर असं की वीस-बावीस वर्षं एकत्र काम केल्यावर नकारही ठरावीक होतो. लीला काय चालतं हे पीर्टला कागद पुढे करण्याआधीच ठाऊक होतं. नकार टाळण्याइतपतच लिहिलं की झालं. शिवाय लिहिण्याजोगं नवं काही त्याच्या आयुष्यात घडत नव्हतं, आणि ओळ परत पाठवणारा माणूस हातात नसलेला ऐवज निर्माण करू शकत नाही. तेव्हा माझं विधान तेवढ्यापुरतं आवरतं घेतो: आत ऐवज असेल तर नकार त्याला आकार देतो.

त्यानंतर पीर्टवर जे कोसळलं ते कुणावर कोसळू नये. १९९७ च्या ऑगस्टमध्ये एकुलती मुलगी अपघातात गेली, दहा महिन्यांनी पत्नी कर्करोगाने. तो मोटारसायकलवर बसला आणि सुमारे ८८,००० किलोमीटर फिरला. बँड संपल्यात जमा होता. २००२ मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' आला. दुःखाने कला उजळते असं बोलायची आपल्याला फार हौस. पण तो अल्बम मला पूर्ण उजळलेला वाटत नाही. काही गाणी थरकाप उडवतात, काही ठिकाणी शब्दांची गर्दी आहे. त्या परिस्थितीत समोरच्याची ओळ कोण परत पाठवणार? माणुसकी म्हणून नसेलच पाठवली, आणि योग्यच केलं.

पीर्टची दुसरी सुगी आली ती २००७ ते २०१२ मध्ये. बँडने निक रास्कुलिनेझ हा नवा निर्माता घेतला. तो यांच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी लहान, यांची गाणी ऐकत वाढलेला आणि तरीही यांना ढकलायला न भिणारा. २०१२ च्या 'क्लॉकवर्क एंजल्स'ची कथा पीर्टने केविन अँडरसन या कादंबरीकारासोबत बांधली. व्हॉल्टेअरच्या 'कँडीड'ची सावली असलेल्या त्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात एक म्हातारा बागेची निगा राखत मागे वळून पाहतो. '२११२' लिहिणारा तेवीस वर्षांचा मुलगा हे लिहू शकला नसता, आणि लिहिलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. पीर्ट तेव्हा साठीला आला होता. पीर्ट २०२० च्या जानेवारीत गेला, त्यामुळे त्याच्या शब्दांचा बँडसोबतचा हा शेवटचाच अल्बम ठरला.

याच्या उलट बाजूला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स. पिंक फ्लॉइडचे सगळे शब्द वॉटर्सने लिहिलेला पहिला अल्बम म्हणजे १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून'. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. वेळ, पैसा, वेड, मरण, इतके जाडजूड विषय त्याने इतक्या साध्या शब्दांत मांडले की आमच्या पिढीतल्या मराठी माध्यमाच्या मुलांनाही डिक्शनरी लागली नाही. त्याच्या शब्दांवर बँडमधल्या गिलमोर आणि राइट या साथीदारांचे आवाज होते, बँडची मतं होती. १९७८ मध्ये वॉटर्सने दोन मोठ्या कल्पनांचे डेमो बँडसमोर ठेवले. बँडने एक निवडली, दुसरी नाकारली. निवडलेली ती 'द वॉल'. मग बॉब एझ्रिन या निर्मात्याने तिची संहिता लिहून गाण्यांचा क्रम लावला, काय ठेवायचं, काय काढायचं ते ठरवलं. नाकारलेली कल्पना वॉटर्सने १९८४ मध्ये स्वतःच्या नावाने अल्बम म्हणून काढली. दोन्ही कल्पना एकाच माणसाच्या, एकाच काळातल्या. दोन्ही लागोपाठ ऐका आणि निवड करणाऱ्यांचं मोल ठरवा.

१९८३ च्या 'द फायनल कट'पर्यंत राइटला बँडबाहेर काढलं गेलं होतं. 'द वॉल'मधून गळलेली काही गाणी वॉटर्सने पुन्हा पुढे केली तेव्हा गिलमोरने विचारलं की जी तेव्हा पुरेशी चांगली नव्हती ती आता कशी झाली? अल्बम निघाला तेव्हा निर्मात्यांच्या यादीत गिलमोरचं नाव नव्हतं, आणि मागच्या कव्हरवर हे काम रॉजर वॉटर्सचं, सादर करणार पिंक फ्लॉइड, अशा अर्थाची ओळ होती. वॉटर्स एकोणचाळीस वर्षांचा होता. याला म्हातारपण म्हणता येणार नाही. आणि ऐवजाचाही तुटवडा नव्हता: तो पाच महिन्यांचा असताना वडील इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, ते दुःख त्याला जन्मभर पुरणारं होतं, फॉकलंडच्या युद्धाने ते नव्याने भळभळलं होतं. शब्दांत जाळ आहे. पण तोच मुद्दा तिसऱ्यांदा येतो तेव्हा 'आता पुरे' म्हणणारं कुणी नाही, हे ऐकू येतं. 'द फायनल कट'चे शब्द फ्लॉइडमधले सर्वोत्तम, असं मानणारी मंडळी पुण्यातही आहेत. त्यांच्याशी माझं भांडण जुनं आहे आणि मिटायचं लक्षण नाही.

वॉटर्सच्या १९९२ च्या 'अम्यूज्ड टु डेथ'चं काय, असं तेच विचारतील. अल्बम चांगला आहे, मान्य. आधीच्या अल्बमनंतर पाच वर्षांनी आला, आणि एवढ्या काळात माणूस स्वतःचीच ओळ परक्यासारखी वाचू शकतो. नकार देणारा माणूस नसेल तर वेळ ते काम काही अंशी करतो. पण त्यानंतर गाण्यांचा नवा अल्बम यायला पंचवीस वर्षं लागली, आणि २०१७ चा तो अल्बम सुसह्य झाला तो नायजेल गॉडरिक या निर्मात्याने केलेल्या काटछाटीमुळे. त्र्याहत्तराव्या वर्षी वॉटर्सने दुसऱ्याला कात्री चालवू दिली. चाळिसाव्या वर्षी दिली नव्हती.

मेटालिकाचं उदाहरण थोडक्यात, कारण पुण्यात ते सगळ्यांना पाठ आहे. २०११ मध्ये ते बंगळूरला आले तेव्हा इथूनही पोरं रात्रभर बसने गेली होती. 'एंटर सँडमन'चे बँडचा गायक-गीतकार हेटफील्डने आधी लिहिलेले शब्द पाळण्यात अचानक दगावणाऱ्या बाळावर होते. निर्माता बॉब रॉक आणि ड्रमर लार्स उलरिकने ते परत केले: याहून चांगलं लिहू शकशील. हेटफील्ड भडकला, कारण तोवर त्याला असं कुणी म्हटलंच नव्हतं. आणि मग त्याने जे लिहिलं ते १९९१ पासून जग गातंय. पुढे २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये शब्द लिहायला सगळेच बसले, निर्मात्यासकट. त्या शब्दांची अवस्था ठाऊक आहे. ओळ परत पाठवणं हा अधिकार आहे. तिच्या जागी आपली ओळ घुसवणं म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा. हेटफील्ड मात्र संपला नाही. एकोणसाठाव्या वर्षी, २०२३ मध्ये, त्याने माणसाच्या पहिल्या अठरा वर्षांवर अख्खा अल्बम लिहिला. तो एकसंध नाही, पण साठीच्या माणसाने पोरवयाकडे बघताना जी नजर लागते ती त्यात ठिकठिकाणी आहे.

एकट्याने लिहिणारे कवी नाहीत का? आहेत. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ चा आणि 'भिजकी वही' आली २००३ मध्ये, त्यांच्या सत्तरीनंतर, पुण्यात त्यांचं निधन होण्याच्या साधारण वर्षभर आधी. मधल्या काळात ते लिहीत होते, छापत नव्हते. स्वतःची ओळ स्वतःच परत पाठवायची आणि पाव शतक पाठवत राहायची, हे ज्याला जमतं त्याला बँडची गरज नाही. पण रॉक गीतकाराला ही चैन परवडत नाही. करार असतो, दौरा ठरलेला असतो, स्टुडिओचं भाडं चालू असतं. दोन वर्षांत दहा गाणी हवीत म्हणजे हवीत. त्या घाईत स्वतःचा कान फसतो, म्हणून दुसऱ्याचा लागतो.

मराठी गाण्याच्या जगाला हे वेगळं सांगायची गरज पडू नये. गदिमा आणि बाबूजींचं 'गीतरामायण' १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी झाली. गदिमा तेव्हा पस्तिशीत होते. या चमत्काराबद्दल बोलताना आपण प्रतिभेपाशी थांबतो. त्याआधीची दहा-बारा वर्षं ते चित्रपटांत होते, हे विसरतो. चित्रपटात मुखडा परत येणं हा रोजचा व्यवहार: दिग्दर्शकाला प्रसंग हवा असतो, संगीतकाराला मीटर, गायकाला श्वास घ्यायला जागा. तिथे तावून निघालेल्या हाताला आठवड्याची मुदत जाच वाटली नसावी.

आता आपल्या बँडकडे. इथे उतार दिसतच नाही, कारण चढच पुरा होत नाही. विशीतली पोरं इंग्रजीत लिहितात, पुढे हिंदीत, क्वचित मराठीत. कर्वेनगरच्या पोराच्या गाण्यात बर्फ पडतो आणि निर्मनुष्य हायवे लागतो. त्याला हसू नये. पीर्टनेही तेवीस वर्षांचा असताना दुसऱ्याच्या पुस्तकातून देऊळ आणि पुजारी उचलले होते. उसनवारी ही पहिली इयत्ता. अडचण अशी की दुसरी इयत्ता यायच्या आत हिंजवडीतली नोकरी लागते, ड्रमर बंगळूरला जातो, बँड मोडतो. ज्याने सत्ताविसाव्या वर्षी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसांवर, आईच्या गुडघ्यांवर, नदीकाठच्या बांधकामावर लिहिलं असतं, तो तोवर गाणं सोडून बसलेला असतो. आपण त्याला सांगितलेलं असतं की शब्दांचं वय असतं आणि त्याचं ते सरलं.

जे टिकतात त्यांची वेगळी पंचाईत. मी पाहिलेल्या बहुतेक बँडांत शब्दांवर कुणी बोलत नाही. गिटारच्या एका बारवरून दोन तास वाद होतो. चाल बसवताना तात्पुरते घातलेले डमी शब्द रेकॉर्डिंगपर्यंत तसेच राहतात. जो गातो तोच लिहितो, आणि त्याच्या ओळीला हात लावणं म्हणजे त्याच्या मनाला हात लावणं, असा सगळ्यांचा समज. भिडस्तपणा हा पुणेकरांचा गुण नव्हे, तरी इथे नेमका तो कुठून येतो कळत नाही. सगळी गाणी 'बँडची' म्हणून श्रेय वाटून टाकण्याची पद्धतही यात भर घालते: ओळ कुणाची हेच ठाऊक नसेल तर ती परत कुणाला करणार? २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखला, पण गीतकार कोण हे बँडने लिहूनच ठेवलं नसेल तर कायदा काय करील?

याच शहरात पुरुषोत्तम करंडकात एकांकिकेच्या लेखनाला स्वतंत्र पारितोषिक असतं. तालमीत संवाद कापले जातात, लेखक रुसतो, पुन्हा लिहितो, आणि त्यातून पुढे मराठी रंगभूमीला लेखक मिळतात. मी पाहिलेल्या बँड स्पर्धांत मात्र सर्वोत्तम गिटारवादक, ड्रमर, गायक असे सगळे सन्मान असतात, गीतकाराचा नसतो. परीक्षकांच्या हातात गाण्याचा कागदही नसतो. तेव्हा माझी मागणी अशी: नावनोंदणीच्या वेळी प्रत्येक गाण्याचे शब्द, लिहिणाऱ्याच्या नावासह, मागवा. परीक्षकांत एक जण असा ठेवा की ज्याला गिटार ट्यून करता आली नाही तरी चालेल, पण ओळ कुठे लंगडते ते कळतं. नाटकवाल्यांतून घ्या, कवींतून घ्या. आणि निकालानंतर त्याला बँडसोबत अर्धा तास बसू द्या.

आयोजकांचं यावर ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: एवढ्या आवाजात शब्द ऐकूच येत नाहीत, मग त्यांना गुण कसे देणार? शब्द ऐकू येत नसतील तर आधी ते दुरुस्त करा. मॉनिटरवरून, म्हणजे स्टेजवर वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरवरून, गायकाला त्याचाच आवाज येत नसतो, म्हणून तो किंचाळतो, म्हणून व्यंजनं खाल्ली जातात. आणि साउंड डेस्कवरचा माणूस किक ड्रमचा आवाज वर चढवत राहतो. साउंडचेकच्या वेळी गाण्याच्या कागदाची एक प्रत त्या डेस्कवरही ठेवा आणि पहिला कोरस गिटारशिवाय म्हणून घ्या.